खांद्यावरचं फडकं

लाँड्रीवाल्या मावशींचा डावा खांदा कधी कोरडा नसे. त्या खांद्यावर एक पांढरं, ओलसर फडकं कायम टाकलेलं. गिऱ्हाइकानं कपडा काउंटरवर ठेवला की मावशी आधी माणसाकडे बघत नसत, कपड्याकडे बघत.

"कॉफी," त्या म्हणत. "तीही कालची."

"हो, म्हणजे, काल संध्याकाळी ऑफिसात..."

"आणि तुम्ही साबण लावून घासलीत. घासून वाढवलीत. कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

गिऱ्हाईक मान खाली घालून उभं राही. मागे इस्त्रीच्या टेबलापाशी त्यांचे यजमान, सगळ्यांचे काका, गालातल्या गालात हसत आणि वाफ सोडल्याचा आवाज काढून हसू लपवत. मावशींचा धंद्यातला नियम एकच होता: डाग ओला आहे तोवर उचलायचा. वाळला की तो कपड्यात घर करतो, मग त्याला बाहेर काढताना नाकी नऊ येतात. सगळी हयात त्या नियमावर गेली होती. दुकानाची फरशी चकचकीत, काउंटरची काच अशी की माश्या येऊन आपटायच्या.

अशा दुकानात वर्ष सरलेली एक पोर दिवसभर असायची.

ती मावशींच्या लेकीची मुलगी. लेक शहराची बस चालवायची. जावई बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. म्हणून सकाळी डेपोला जाताना लेक पोरीला दुकानात सोडायची आणि पाळी संपली की न्यायला यायची. पोर अगदी तान्ही होती तेव्हा काका तिला धुतलेल्या चादरींच्या टोपलीत निजवायचे. त्यावरून तिचं नाव पडलं बोचकी. काका म्हणायचे, "एवढं एकच बोचकं असं आहे की मालक पावती न दाखवता घेऊन जातो."

बोचकी चालायला लागली, दुकानभर फिरायला लागली, हँगरांच्या रांगेत घुसून लपायला लागली. दातही आले. पण खाण्याच्या बाबतीत गाडी होती तिथेच होती. मावशी बटाटा उकडायच्या, गाजर उकडायच्या, मिक्सरमधून काढायच्या, वरून गाळणीतून गाळायच्या. अंगावर सांडलं तर ओल्या फडक्याच्या एका हातानं निघून जावं इतकं ते गुळगुळीत. मग उंच खुर्चीत बोचकीला बसवून छोट्या चमच्यानं भरवायच्या. एक चमचा, की फडक्यानं तोंड पुसायचं. दुसरा चमचा, पुन्हा पुसायचं. हनुवटी, गाल, मग न भरलेले हातसुद्धा. चार घास गेले की बोचकी तोंड गच्च मिटायची. मग चिमणी, गाडी, इस्त्री, सगळ्यांची नावं घेऊन झाली तरी कुलूप उघडायचं नाही.

"पोट भरलं असेल," काका म्हणायचे.

"चार चमच्यांत? पाखराचंही भरत नाही."

महिन्याच्या तपासणीला लेक पोरीला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या सिस्टरांनी वजन केलं, पुन्हा केलं आणि विचारलं, "खाते काय ही?" लेकीनं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, पण पोरीला आता गाळलेलं पुरायचं नाही. घरात सगळे खातात तेच द्या, मीठ कमी. चांगलं मऊ शिजवून बोटाएवढे तुकडे करा, तिच्यासमोर ठेवा आणि तिला तिच्या हातानं खाऊ द्या. ताठ बसवा, जवळ बसून राहा. सांडेल, फेकेल, चिवडेल. ठसका लागेल, उमासा येईल. खोकते, आवाज काढते तोवर ती स्वतःच तो घास परत पुढे आणत असते. आवाजच बंद झाला तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही. आणि तसं झालं तर काय करायचं तेही त्यांनी एका बाहुलीवर करून दाखवलं.

संध्याकाळी दुकानात येऊन लेकीनं हे सगळं मावशींना सांगितलं. बाहुलीच्या जागी उशी घेऊन करूनही दाखवलं, आणि मावशींकडून दोनदा करून घेतलं. मग हातातले पांढरे सुती मोजे काढत काउंटरला टेकली. बस चालवताना ती मोजे घालायची. स्टिअरिंग चिकट लागतं म्हणायची.

"आई, डेपोच्या शेजारी पाळणाघर आहे. तिथं बुटकी टेबलं आहेत, पोरं एकत्र बसून हातानं खातात. मी बघून आले."

मावशींचा हात काच पुसता पुसता थांबला. "मग?"

"मग काही नाही. एक जागा रिकामी आहे. बाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत सांगा. इथं जमलं तर इथंच. नाही जमलं तर तिला तिकडे घालते."

"म्हणजे मी पोरीला उपाशी मारते."

"असं म्हटलं का मी?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

"आई, तिचं वजन वाढत नाहीये गं." एवढंच म्हणून लेकीनं बोचकीला कडेवर घेतलं आणि गेली. मोजे काउंटरवरच विसरली.

त्या रात्री मावशींना जेवण गेलं नाही. उंच खुर्ची भिंतीशी होती, तिच्याकडे सारखं लक्ष जात होतं. दुकान आधीही चालायचं, बोचकी नव्हती तेव्हाही. पण तेव्हा दुपार कशी जायची, ते काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी मावशी कंबर कसून कामाला लागल्या. गाजर वाफवलं, बोटाएवढे तुकडे केले. चिमटीत दाबून बघितलं, चुरा होतो ना. बोचकीच्या पुढ्यातल्या फळीवर मांडले. बोचकीनं डोळे मोठे केले. एक तुकडा उचलला, मुठीत दाबला. मुठीच्या दोन्ही टोकांतून गाजर बाहेर आलं.

मावशींचा हात खांद्याकडे गेला. मूठ उघडली, पुसली, फळी पुसली. बोचकीनं पुसलेल्या तळहाताकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि उरलेले तुकडे एकेक करून खाली टाकले.

"बघितलंत?" मावशी म्हणाल्या. "नको आहे तिला."

"अगं, तिनं तोंडात तरी कुठं घातलं?"

"घालेल कशाला? नको आहे."

पुढच्या दिवशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा तोंडापर्यंत पोचला, आत गेला, आणि बोचकीला असा उमासा आला की मावशींनी तिच्या तोंडापुढे हात धरला. तुकडा बाहेर आला. बोचकीला काही झालं नव्हतं, ती पुढचा तुकडा शोधत होती. पण मावशींनी तोंड पुसलं, हात पुसले, फळी उचलून नेली आणि मिक्सर लावला. मिक्सर थांबला तसे काका म्हणाले, "बाई, कपड्यांसारखं पोरीलाही पिळून वाळत घालणार आहेस का?"

"तुम्ही इस्त्री बघा."

"इस्त्रीच बघतोय. पोरीचं तोंड बघ, गच्च मिटलेलं. एवढी कडक घडी मलाही जमत नाही."

मावशींना हसू आलं नाही. त्यांना वाटायला लागलं होतं की लेकीचंच खरं. ज्या हातांनी भल्याभल्यांचे कोट वाचवले त्या हातांना एक गाजर भरवता येऊ नये? येत नाही तर येत नाही. पाळणाघरात तरी पोर जेवेल. हे स्वतःला सांगून झाल्यावर त्यांनी बोचकीचा छोटा पेला धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला.

शनिवार उजाडला. सकाळीच नाटक कंपनीचा शिंपी धापा टाकत आला. हातात लोकरीचा भला मोठा झगा, बाहेरून सायीच्या रंगाचा, आतून लालभडक अस्तर.

"मावशी, राजाचा आहे. खालच्या काठाला चिखल. संध्याकाळी प्रयोग आहे."

मावशींनी अस्तराचा कोपरा ओल्या बोटानं चोळला. बोट लाल झालं. "हे अस्तर कोणी लावलं?"

शिंपी खाली बघायला लागला.

"पाण्यात पडलं की रंग सोडणार. आणि वेळ नाही म्हणून उसवायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"जा. संध्याकाळी या. आणि तुमच्या राजाला सांगा, चिखलातून चालायला प्रधान ठेवा म्हणावं."

दुपारी काका घरपोच द्यायचे कपडे घेऊन बाहेर पडले. मावशींनी टबात गार पाणी घेतलं आणि बाहेरचा काठ तेवढा पाण्यात सोडला. लाल अस्तर एका हातानं वर उचलून धरलं, दुसऱ्या हातानं पाण्यात चिखल मोकळा करायला लागल्या. हे काम असं की मध्ये हात सोडायची सोय नाही. अस्तराचं टोक पाण्याला लागलं की सायीवर गुलाबी चढलंच. टब बैठ्या स्टुलावर, शेजारी उंच खुर्चीत बोचकी, आणि दोघींच्या मध्ये छोट्या टेबलावर मावशींची स्वतःची ताटली. मऊ उकडलेला बटाटा, बीट, पावाचा तुकडा. बोचकीचं गाळलेलं वाटीत होतं, वर झाकण. हे आटपलं की भरवू, असं मावशींनी ठरवलं होतं.

बोचकीनं ठरवलं नव्हतं. तिनं खुर्चीतून वाकून ताटलीचा काठ धरला आणि ओढली. ताटली फळीवर आली.

"ए! ते आजीचं आहे!"

बोचकीनं आजीच्या बटाट्यात पाचही बोटं घातली. तोंडात काही गेलं, बरंचसं नाकावर राहिलं. मावशींचा खांदा आपोआप वर झाला, फडकं तिथंच होतं, पण हात दोन्ही राजाच्या झग्यात. काही करता येईना. त्या नुसत्या बघत राहिल्या.

बोचकी चावत होती. दातांनी, हिरड्यांनी, सगळ्या तोंडानं. गिळलं. पुन्हा हात घातला. मग तिला बीट दिसलं. बोटाएवढा लांब मऊ तुकडा. तो तिनं उचलून उजेडात धरला, पलीकडून पाहिला, चाटला आणि चावला. हनुवटीवरून लाल ओघळ निघाला तो थेट लाळेऱ्यावर. मावशींनी डोळे मिटून घेतले. बीट म्हणजे त्यांचा जुना वैरी.

डोळे उघडले ते उमाशाच्या आवाजानं. बोचकीचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर. खोकते आहे, मावशींनी मनाशी म्हटलं. आवाज आहे. आवाज आहे. पण त्या ताडकन उठल्या आणि अस्तर हातातून सुटलं. टबातल्या पाण्यात लाल धूर पसरावा तसा रंग पसरला. मावशींनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या खुर्चीपाशी पोचल्या तेव्हा बीटाचा तुकडा जिभेवरून घरंगळून फळीवर पडला होता. बोचकीनं त्याच्याकडे जरा रागानं बघितलं, पुन्हा उचलला, यावेळी अर्धाच तोडला, नीट चावला आणि गिळून टाकला.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. आणि हात मोकळे झाल्याबरोबर त्यांनी फडकं ओढलं आणि तिच्या तोंडाकडे नेलं.

बोचकीचं तोंड गच्च मिटलं.

मावशी थांबल्या. बोचकीच्या हातात उरलेलं बीट होतं, ओठांपर्यंत आलेलं. ते तसंच अधांतरी. भूक होती, ते स्पष्ट दिसत होतं. मावशींनी फडकं हळूच पाठीमागे नेलं. बोचकीचं तोंड उघडलं, बीट आत गेलं. मावशींनी फडकं पुन्हा पुढे आणलं. तोंड मिटलं. मागे नेलं. उघडलं.

दारातून काका आत आले. हातात रिकामी टोपली. "हे काय चाललंय? पडदा वर, पडदा खाली? झगा नाटकाचा आहे, नाटक आपल्याला करायचं नाहीये."

"अहो, बघा ना. बघा." मावशींनी पुन्हा करून दाखवलं. "हे फडकं दिसलं की ती बंद."

काकांनी टोपली खाली ठेवली. मग म्हणाले, "दूध पीत होती तेव्हा काय करायचीस तू? बाटली संपली की काय करायचीस?"

"तोंड पुसायची."

"आणि मग खुर्चीतून, नाहीतर मांडीवरून उचलायचीस."

"हो, झालं की उचलायचीच."

"मग ती बरोबर आहे. तिला वाटतं, पुसलं म्हणजे झालं. शहाणी पोर, सांगितलेलं ऐकते. एकेका घासाला तू तिला सांगतेस, दुकान बंद, शटर ओढा. तीही बिचारी ओढते."

मावशी दुसऱ्या स्टुलावर बसल्या. मागल्या सगळ्या दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. चिमण्या, गाड्या, चार चमचे, आणि मिटलेलं तोंड. पोर हट्टी नव्हती. पोर आज्ञेत होती.

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं नाही. समोर टब होता, त्यात फेकलं.

"अगं, पाणी का लाल आहे?" काकांनी विचारलं.

"राजाचं रक्त आहे," मावशी म्हणाल्या, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

मग दोघांनी मिळून झगा आटपला. गार पाण्यावर पाणी बदललं, अस्तर पिळून बाजूला बांधलं. गुलाबी बहुतेक सगळं उतरलं, पाठीवरच्या घडीत एक फिकट सावली मात्र राहिली. शिंपी आला तेव्हा मावशींनी ती आधी दाखवली, मग झगा दिला. "हे माझ्या हातून झालं. धुण्याचं काही देऊ नका."

शिंप्यानं झगा उंच धरला. "मावशी, शेवटच्या अंकात राजा पाठीत खंजीर खाऊन मरतो. दिग्दर्शक आठवडाभर डोकं खातायत, तिथं थोडा रंग हवा म्हणून." आणि खुशीत निघून गेला.

लेक संध्याकाळी आली तेव्हा दाराशीच थबकली. बोचकी उंच खुर्चीत. पुढ्यात बटाटा, बीट, नाशपातीच्या मऊ फोडी. केसांत बटाटा, कानात नाशपाती, गाल, हनुवटी, कोपरापर्यंत हात लालेलाल. भिंतीवर लाल बोटं. काका खाली पडलेलं गोळा करायला वाकलेले. आणि समोर खुर्चीत मावशी, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसलेल्या, कपाळावर घाम.

"आई, काय झालं? हिला लागलं का? रक्त..."

"बीट आहे. गप्प बस."

लेक दोन पावलं पुढे आली. तिचा हात आपोआप खिशाकडे गेला, रुमाल बाहेर आला, आणि ती पोरीच्या तोंडाकडे वाकली.

"हात लावू नकोस!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या की काकांचं डोकं टेबलाला आपटलं. "रुमाल ठेव आत. आधी ठेव."

लेकीनं रुमाल ठेवला. मावशींनी तिला सगळं सांगितलं, झग्यासकट. लेक भिंतीला टेकून ऐकत होती, पण डोळे पोरीवर. बोचकीनं नाशपातीची फोड उचलली, निसटली, पुन्हा उचलली, निसटली, मग तळहातानं दाबून धरून तोंडच खाली नेलं आणि उचलली.

"मला कधीपर्यंत भरवत होतीस तू?" लेकीनं एकदम विचारलं.

"शाळेत जायला लागलीस तरी."

"आणि पुसत होतीस."

"पुसत होते."

लेकीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. पांढरे मोजे अजून हातातच होते. तिनं ते काढले, खिशात कोंबले, खुर्चीशी उकिडवी बसली आणि पोरीच्या पुढ्यातला बीटाचा एक तुकडा नुसत्या बोटांनी उचलून खाल्ला. बोचकी तिच्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग तिनंही तस्साच एक उचलला.

"गोड आहे," लेक म्हणाली. बोटं लाल झाली होती. ती पुसावी की नाही, हे तिला कळेना, म्हणून तशीच धरून बसली.

फळीवरचं संपलं. बोचकीनं उरलेला बटाटा एका बाजूला सारला, मान फिरवली आणि दोन्ही हात वर केले. मावशींनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. तेव्हा मावशी उठल्या, नळाखाली नवं फडकं ओलं केलं आणि बोचकीसमोर धरलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

बोचकीनं चेहरा पुढे केला.

लेक फोन घेऊन बाहेर पायरीवर गेली. काचेतून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त लाल बोटं हलताना दिसत होती. मावशी काचेकडे पाठ करून पोरीचा कान साफ करत राहिल्या, गरजेपेक्षा बराच वेळ. लेक आत आली.

"पाळणाघरवाल्या बाईंना सांगितलं," ती म्हणाली. "जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून."

"बरं," मावशी म्हणाल्या. काकांनी वाफ सोडल्याचा आवाज काढला. इस्त्री तेव्हा थंड होती, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

सोमवारी सकाळी लेक नेहमीसारखी आली. पोरीला काउंटरवर बसवलं आणि पिशवीतून लाळेऱ्यांची एक गच्च चळत काढली.

"आज काय देणार आहेस?"

"आम्ही खाऊ ते. भोपळा आहे."

"भोपळ्याचा डाग निघतो?"

"नाही."

लेक चळतीकडे बघत म्हणाली, "एवढे संध्याकाळपर्यंत पुरतील का गं?"

"नाही पुरले तर धुईन," मावशी म्हणाल्या. "लाँड्री काय शोभेला ठेवलीय?"